मुलीचं दुसरं नाव 'एर्झेबेत' ठेवावं का? (आणि या नावाच्या बायकांबद्दल)

केतकी_बुडा

मंडळी, थोडा सल्ला हवा आहे आणि बरीच माहितीही.

मी मूळची सांगलीची, नवरा हंगेरियन, राहतो बुडापेस्टमध्ये. वसंतात बाळ येणार आहे. इथे डॉक्टर सांगतात, मुलगी आहे. हंगेरीत जन्मनोंदणीत जास्तीत जास्त दोन नावं देता येतात, त्यामुळे वाटणी सोपी झाली. पहिलं मराठी, दुसरं नवऱ्याच्या आजीचं, म्हणजे एर्झेबेत. आजी नव्वदीच्या आहेत. हे ऐकल्यापासून त्यांच्या अंगात हत्तीचं बळ आलंय.

पण सांगलीच्या आत्याने मोबाइलवर हे नाव शोधलं. पहिल्याच पानावर 'मुलींच्या रक्ताने आंघोळ करणारी सरदारीण'. रात्री साडेअकराला तिचा फोन: "अगं, हडळीचं नाव ठेवतेस का लेकीला?" आई बोलत नाही, पण तीही धास्तावली आहे.

मला याचं खरंच वाईट वाटतं. हंगेरीत मारियाच्या खालोखाल बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारं हे नाव. इथल्या कोणत्याही जिन्यात एखादी एर्झी, ब्योझी, ब्योश्के किंवा झोका सापडतेच, सगळी एर्झेबेतचीच लाडाची रूपं. १९ नोव्हेंबरला या नावाचा दिवस असतो आणि त्या दिवशी फुलवाल्यांकडे ही गर्दी! इतक्या बायकांचं नाव एका बाईच्या खात्यावर का मांडायचं?

तुम्ही काय केलं असतं? आणि या नावाच्या बायकांबद्दल जे ठाऊक असेल ते लिहा. मला आत्याला धागा पाठवायचा आहे.

रानवारा

ठेवा बिनधास्त. आपण मंथरा, शूर्पणखा ही नावं ठेवत नाही हे खरं, पण त्या नावाची दुसरी बाई कुणाला आठवतच नाही. इथे तर प्रत्येक जिन्यात या नावाची बाई सापडते म्हणता. मग प्रश्नच मिटला.

खारी_बटर

आत्याला सांगा, 'इलिझाबेथ'चंच रूप आहे. ब्रिटनच्या राणीचं नाव म्हटलं की आत्या गप्प. :-)

जुनी_वही

केतकीताई, आधी त्या सरदारणीचंच बोलू, कारण आत्याचा प्रश्न तिथेच अडलाय.

एर्झेबेत बाटोरी, जन्म १५६०, हंगेरीतल्या अतिबलाढ्य घराण्यात. १५७५ मध्ये फेरेन्त्स नादाश्दीशी लग्न. तो तुर्कांविरुद्धच्या लढायांत गुंतलेला, इस्टेटी ही सांभाळायची. तो १६०४ मध्ये वारला. १६१० च्या डिसेंबरअखेर राज्याचा पॅलाटिन, म्हणजे राजाखालोखालचा अधिकारी, ग्यॉर्ग तुर्झो याने तिला चेइतेच्या गढीत धरलं. हे गाव आता स्लोव्हाकियात आहे. पुढच्याच महिन्यात तिच्या नोकरांवर खटला चालवून त्यांतल्या तिघांना मारलं. तिच्यावर मात्र खटला कधीच चालला नाही. कैदेतच १६१४ मध्ये ती मेली.

आता रक्ताची आंघोळ. चौकशीत सुमारे ३०० साक्षी नोंदवल्या गेल्या, त्यांत मारहाण आहे, उपासमार आहे, थंडीत उघड्यावर पाणी ओतणं आहे. आंघोळ मात्र कुठेही नाही. ती छापून आली १७२९ मध्ये, एका जेझुइट पाद्र्याच्या लॅटिन पुस्तकात, म्हणजे बाई मेल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी. साडेसहाशे बळींचा आकडाही एका साक्षीतल्या ऐकीव गोष्टीतला. शिवाय हंगेरीचा हाब्सबुर्ग घराण्यातला राजा तिच्या घराण्याचं मोठं देणं लागत होता, आणि खटला चालून शिक्षा झाली असती तर इस्टेट जप्त झाली असती. तुर्झोने तिच्या मुलाजावयांशी बोलणी करून प्रकरण गढीच्या भिंतींआड मिटवलं. यात राजकारण नव्हतं असं कुणी म्हणू नये.

तांबडी_माती

जुनी_वही, आंघोळ खोटी हे मान्य. पण म्हणून बाईला निर्दोष ठरवायची आजकाल जी घाई दिसते ती मला पटत नाही. साक्ष देणारे कोण होते? गावकरी, नोकर, पाद्री, लहान सरदार. मेलेल्या मुली कोण? कामाला ठेवलेल्या पोरी. त्यांची नावंसुद्धा फारशी उरली नाहीत. सरदारणीवर अन्याय झाला का यावर पुस्तकं निघतात, त्या पोरींवर नाही.

नाव ठेवायला माझी हरकत नाही. पण आत्याला 'तसं काही झालंच नव्हतं' असं सांगू नका.

जुनी_वही

@तांबडी_माती, शेवटच्या ओळीला अनुमोदन. मलाही तिला सोडवायचं नाही. नोकरांचे जबाब छळ करून घेतलेले होते, हे लक्षात घेऊन वाचावे लागतात एवढंच. मोलकरणींना मारणं हा मालकिणीचा हक्कच मानणारा तो काळ होता, आणि त्या काळालाही जे अति वाटलं ते काहीतरी अति असणारच.

अश्विनीमावशी

केतकी, तू ज्या १९ नोव्हेंबरचं लिहिलंस तो दिवस संत एर्झेबेतचा. आत्याला हिची गोष्ट आधी सांग.

आम्ही जर्मनीत मारबुर्गला काही वर्षं होतो. तिथे तिच्या समाधीवर बांधलेलं चर्च आहे, जर्मनीतल्या अगदी आरंभीच्या गॉथिक चर्चपैकी एक. मला वाटायचं ही जर्मन असेल. तर नाही, ही हंगेरीचा राजा दुसरा आंद्राश याची मुलगी, जन्म १२०७. चार वर्षांची असताना तिला जर्मनीतल्या थ्युरिंगियाला वार्टबुर्गच्या किल्ल्यावर धाडलं, सासरीच वाढायला. सहा वर्षांची असताना तिकडे माहेरी सरदारांनी तिच्या आईचा खून केला. चौदाव्या वर्षी लुडविगशी लग्न. आणि एवढं सगळं होऊनही त्या दोघांचं एकमेकांवर मनापासून प्रेम होतं असं त्या काळचे लोक लिहून गेलेत. तीन मुलं झाली. १२२७ मध्ये लुडविग धर्मयुद्धाला निघाला आणि इटलीत ओत्रांतोला तापाने गेला. ही वीस वर्षांची विधवा!

किल्ला सोडून मारबुर्गला आली, आपल्या वाट्याच्या पैशातून रुग्णालय उभारलं, आणि स्वतः रोग्यांची धुणी-पुसणी केली. राजाच्या मुलीने. १२३१ मध्ये गेली, वय २४. चार वर्षांत पोपने संत म्हणून जाहीर केलं.

गुलाबांची गोष्ट तर चित्रांत सगळीकडे दिसते. पदरात भाकरी लपवून गरिबांना द्यायला निघाली, वाटेत अडवलं, 'काय आहे ते दाखव' म्हटलं, पदर सोडला तर गुलाब. (पदर मी म्हणतेय, तिचा झगा होता.) मला स्वतःला चमत्कारापेक्षा ते रुग्णालय मोठं वाटतं.

शेवंता_पाटील

मावशी, सुंदर लिहिलंत. पण एक खटकतं. तिने आपली मुलं दुसऱ्यांकडे सोपवली. तिचा गुरू कोनराड तिला मारायचा, जीव लावलेल्या मैत्रिणींना तिच्यापासून तोडलं. चोविसाव्या वर्षी बाई मेली यात त्या कठोरपणाचा वाटा नसेल का? तिच्या सेवेपुढे मी हात जोडते. त्या गुरूपुढे नाही.

अश्विनीमावशी

शेवंता, तुझं बरोबर आहे. कोनराडबद्दल वाचताना माझ्याही अंगावर काटा येतो. तो पुढे धर्मचौकशीवाला झाला आणि १२३३ मध्ये लोकांनीच त्याला रस्त्यात ठार केलं.

मांडवीकाठी

आमच्या गोव्याचा धागा इथे जुळतो बरं का. गोव्यात इझाबेल हे नाव घरोघरी ऐकू येतं, आणि ते ज्या पोर्तुगालच्या संत राणी इझाबेलमुळे (१२७१–१३३६) पोर्तुगिजांत इतकं रुजलं, तिचं नाव ठेवलं होतं याच हंगेरियन एर्झेबेतवरून! नातं सांगतो: एर्झेबेतची सावत्र बहीण आरागॉनची राणी झाली, तिची नात म्हणजे ही इझाबेल. म्हणजे आजीच्या बहिणीचं नाव. गंमत म्हणजे भाकरीचे गुलाब झाल्याची गोष्ट हिच्याही नावावर आहे.

तेव्हा केतकीबाय, म्हापशाच्या बाजारात एखादी इझाबेल मासळी विकायला बसलेली दिसली तर तुझ्या लेकीची मितीण समज.

केतकी_बुडा

मांडवीकाठी, हे मला अजिबात माहीत नव्हतं! आत्या दर वर्षी गोव्याला जाते, तिला हे नक्की पटेल.

खारी_बटर

आत्या एकटी दहा जणांना कामाला लावतेय. :-)

दिनूकाका

भारताशी याहून थेट नातं आहे. हंगेरीतल्या नॉजकॉनिझा गावच्या दोन चित्रकार, आई एर्झेबेत शाश-ब्रुनर आणि मुलगी एर्झेबेत ब्रुनर. दोघींचं नाव एकच. आईचं नाव मुलीला ठेवायची तिकडे जुनी रीत. दोघी १९३० मध्ये भारतात आल्या, आधी रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात राहिल्या, मग देशभर हिंडल्या. गांधीजींना समोर बसवून रंगवलं, नेहरूंना रंगवलं. आई १९५० मध्ये नैनितालला वारली. मुलगी परत गेली नाही. भारतातच राहिली, १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, २००१ मध्ये दिल्लीत वारली.

नोकरीनिमित्त दिल्लीत असताना इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातल्या संग्रहातली त्यांची चित्रं मी पाहिली आहेत. आईचा हात स्वप्नाळू, डोंगर-देवळं धुक्यातून वर आल्यासारखी. मुलीचा हात माणसांच्या चेहऱ्यात. मला मुलीची चित्रं अधिक भावतात. चेहऱ्यावर ती कसलाही दिखाऊ 'पूर्वेचा गूढपणा' चढवत नाही, समोर बसलेला माणूस जसा थकलेला असेल तसा थकलेला दिसतो.

माझं मत: ठेवा नाव. या देशात ते नाव लावणारी एक बाई सत्तर वर्षं राहून गेली, कुणाला भीती वाटली नाही.

स्वरनाद

काका, किती छान. अवांतर: बुडापेस्ट म्हटलं की अमृता शेरगिल आठवणारच. जन्म १९१३, बुडापेस्ट, आई हंगेरियन. १९३६ मध्ये अजिंठा पाहिल्यावर तिच्या चित्रांचा रंगच बदलला.

आणि मूळ विषयात माझी भर: एर्झेबेत सोन्यी (१९२४–२०१९), संगीतकार आणि शिक्षिका. हंगेरियन संगीतकार कोदाय यांच्या पद्धतीने मुलांना संगीत शिकवतात ना, आधी गळा, मग वाद्य, हाताच्या खुणांनी स्वर, ती पद्धत जगभर नेणाऱ्यांत ही अग्रभागी. मी लहान मुलांना गाणं शिकवते, रोज त्या खुणा वापरते. माझ्यासाठी एर्झेबेत म्हणजे ही.

पेठेतला_पक्या

एवढ्या बायका झाल्या, पण सिसी, म्हणजे राणी एर्झेबेत, कुठे आहे? बुडापेस्टला आठवडाभर गेलो होतो, जिकडे तिकडे तिचंच नाव. एर्झेबेत पूल, एर्झेबेत मनोरा, एर्झेबेतवारोश. पण मला कळत नाही, ती तर ऑस्ट्रियाची सम्राज्ञी, तीही मूळची बव्हेरियाची. १८४९ मध्ये ऑस्ट्रियाने हंगेरीचा स्वातंत्र्यलढा चिरडला, अरादला तेरा सेनापतींना मारलं. त्याच घरातल्या बाईची इतकी पूजा का?

केतकी_बुडा

पक्या, हा प्रश्न मीही इथे पहिल्या वर्षी विचारला होता. आजी म्हणाल्या, "ती आमच्याशी आमच्या भाषेत बोलली."

लग्न होऊन ती व्हिएन्नाला आली १८५४ मध्ये, तेव्हा अरादचं रक्त तिच्या हाताला नव्हतं. हंगेरियन शिकली, नुसतं चार वाक्यांपुरतं नाही. सोबतीला हंगेरियन इदा फेरेन्त्सी ठेवली, आणि व्हिएन्नाच्या दरबारात हंगेरियनांना कुणी विचारत नसताना त्यांच्या बाजूने उभी राहिली. १८६७ मध्ये ऑस्ट्रिया आणि हंगेरीचा समेट झाला, बुडामध्ये तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, म्हणजे सम्राटाचा, राज्याभिषेक झाला, भेट म्हणून ग्योद्योल्योचा वाडा मिळाला. तिथे ती खरोखर रमायची. धाकटी लेक जाणूनबुजून बुडामध्ये जन्माला घातली. १८९८ मध्ये जिनिव्हात एका इटालियन अराजकवाद्याने कानशीने भोसकून मारलं.

पूल तिच्या मृत्यूनंतरचा, १९०३ मध्ये खुला झाला. १९४५ च्या जानेवारीत माघार घेणाऱ्या जर्मनांनी तो उडवला. आजचा पांढरा झुलता पूल १९६४ चा. आणि हे बघ, तेव्हा राजवट साम्यवादी. राण्यांची नावं पुसायचा काळ. तरी पुलाचं नाव एर्झेबेतच राहिलं.

तांबडी_माती

समेटातलं तिचं श्रेय जरा फुगवलेलं आहे. १८६६ मध्ये ऑस्ट्रिया प्रशियाकडून हरली म्हणून समेट करावा लागला, आणि तो घडवला देआक आणि आन्द्राशी या हंगेरियन नेत्यांनी. राणीने मन लावलं, हे खरं.

जुनी_वही

तुम्ही सिसीत रमलात, पण माझी आवडती एर्झेबेत अजून आलीच नाही. ही लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

१४३९ मध्ये हंगेरीचा राजा आल्बेर्ट मेला. राणी एर्झेबेत, लक्झेंबर्ग घराण्याची, गरोदर. सरदार म्हणाले, तुर्क दारात आहेत, पोलंडच्या तरुण राजाशी लग्न करा. राणीला खात्री होती की मुलगाच होणार. पण हंगेरीत राजा व्हायचं तर पवित्र मुकुट डोक्यावर चढायला हवा, आणि तो विशेग्रादच्या किल्ल्यात कुलूपबंद.

राणीने काम सोपवलं आपल्या दासीला, हेलेने कोटानरला. निमित्त काय, तर किल्ल्यात राहिलेल्या सख्यांना राणीकडे घेऊन यायचं. १४४० चा फेब्रुवारी, डॅन्यूब गोठलेली. रात्री हेलेनेने आणलेली माणसं कानशी घेऊन कुलपं कापताहेत, आणि ही बाहेर गुडघे टेकून प्रार्थना करतेय की आवाज कुणाच्या कानी जाऊ नये. काम झाल्यावर नवी कुलपं लावून राणीची मोहोर उठवली. कानशी टाकल्या संडासात. मुकुट किल्ल्यातल्या संत एर्झेबेतच्याच देवघरातून बाहेर नेला. लाल मखमली उशीची थोडी पिसं काढली, आत मुकुट ठेवला, उशी शिवून टाकली. ती उशी घसरगाडीवर, वरून गाईचं जुनं कातडं, शेपूट मागे लोंबतेय. बघणारे हसत होते म्हणे! नदी ओलांडताना सख्यांची गाडी बर्फ फुटून खाली गेली, पण माणसं वाचली. हेलेने कोमारोमला पोचली आणि त्याच रात्री राणी बाळंत झाली. मुलगाच.

मे महिन्यात तीन महिन्यांचंही न झालेलं ते पोर सेकेशफेहेरवारला मुकुट घालून राजा केलं. हे सगळं हेलेनेने नंतर सांगून लिहवून घेतलं, म्हणून आपल्याला कळतं. तो मुकुट आज बुडापेस्टच्या संसदेत आहे, वरचा क्रूस वाकडा झालेला.

शेवंता_पाटील

बाई गं! वाचताना श्वास रोखून धरला. गाईचं शेपूट!!

रानवारा

वाचनखूण साठवली. जुनी_वही, यावर वेगळा धागा काढाच.

अश्विनीमावशी

माझ्याकडून अजून एक. हंगेरीच्या मात्याश राजाची आई, एर्झेबेत सिलाजी. नवरा यानोश हुन्यादी १४५६ मध्ये बेलग्रेडचा वेढा मोडून काढल्यावर साथीत गेला. पुढच्या वर्षी थोरल्या मुलाचा बुडामध्ये शिरच्छेद केला, धाकटा मात्याश कैदेत, पुढे प्रागला नेलेला. या बाईने भावाला हाताशी धरून सैन्य उभं केलं, बोलणी केली, आणि १४५८ च्या जानेवारीत चौदा वर्षांचा धाकटा राजा म्हणून निवडून आला. तिने मुलाला पत्र लिहिलं आणि ते डोमकावळ्याने प्रागला पोचवलं ही दंतकथा तिथल्या शाळकरी पोरांना पाठ असते. वाचताना मला राहून राहून जिजाऊ आठवतात.

दिनूकाका

अश्विनीताई, तुलना पटते, पण फार ताणू नये. जिजाऊंपुढे राज्य उभं करायचं होतं, हिच्यापुढे घर वाचवायचं.

शेवंता_पाटील

केतकी, एक विचारायचं होतं. नाव इतकं जपतात, मग लग्नानंतर काय होतं? आमच्या आजीचं माहेरचं नाव गंगू, सासरी सरस्वती केलं. ती म्हातारपणीही 'गंगू' अशी हाक आली की वळून बघायची.

केतकी_बुडा

शेवंता, इथे तर पूर्वी त्याहून पुढची गोष्ट. नवरा कोवाच यानोश असेल तर बायको कागदोपत्री 'कोवाच यानोशने'. शेवटचं 'ने' म्हणजे 'याची बायको'. तिचं स्वतःचं नाव पूर्ण गायब! आमच्या आजींची पाटी, पत्रं, पेन्शनचे कागद, सगळीकडे आजोबांचं नाव. आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली तरी. आता कायद्याने बरेच पर्याय आहेत, २००४ पासून नवराही बायकोचं आडनाव घेऊ शकतो. पण त्या पिढीच्या बायका तशाच राहिल्या.

म्हणूनच नाव-दिवसाला इथे इतकं महत्त्व असावं असं मला वाटतं. गेल्या १९ नोव्हेंबरला आजींकडे होते. दाराची बेल सारखी वाजत होती. शेजारणी, भाचे, खालच्या मजल्यावरचा पोरगा, सगळ्यांच्या हातात फुलं, आणि ती विषम संख्येतच, कारण सम संख्या इथे प्रेताला. टेबलावर झेर्बो, म्हणजे अक्रोड आणि जर्दाळूच्या मुरांब्याचे थर, वर चॉकलेट, सुरीने चौकोनी कापलेली वडी. आणि प्रत्येक जण दारातूनच हाक मारत होता, "एर्झी नेनी!" नेनी म्हणजे काकू, आपल्यासारखंच नावाच्या मागे लागतं. वर्षभर 'यानोशने' असलेली बाई त्या दिवशी दिवसभर एर्झी होती.

स्वरनाद

केतकी, हेच आत्याला पाठव. बाकी सगळं नंतर.

तांबडी_माती

मीही म्हणतो ठेवा. पण शाळेत परदेशी पोरं त्या सरदारणीवरून चिडवतील, त्याची तयारी ठेवा. ती विचारेल तेव्हा खरं काय ते सांगा, त्या कामवाल्या पोरींसकट.

केतकी_बुडा

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच आत्याला धागा पाठवला. आज फोन आला. सरदारणीचा विषयच नाही, पाऊण तास फक्त उशीतला मुकुट! मग म्हणाली, "ठेव. पण मला ते उच्चारता येत नाही, मी झोका म्हणेन." मी सांगितलं, ते इथलंही लाडाचं रूप आहे. तिला वाटलं मी थापा मारतेय.

आता शेवटचा प्रश्न. नाव भारतातल्या कागदांवर कसं लिहायचं? इथे आडनाव आधी येतं, आणि एर्झेबेतच्या मधल्या अक्षरावर तिरकी रेघ असते.

दिनूकाका

रेघेची काळजी करू नका, पासपोर्टच्या खालच्या यंत्राने वाचायच्या ओळीत ती कुठल्याच देशाची येत नाही. नोंदणी दाखल्यात जी अक्षरं आहेत तीच, त्याच क्रमाने, रेघ वगळून सगळ्या भारतीय अर्जांत घाला. आडनाव आणि नाव यांचे रकाने वेगळे असतात, तिथे क्रम आपोआप सुटतो. मात्र दोन्ही नावं नावाच्याच रकान्यात लिहा, एर्झेबेतला आडनावाच्या रकान्यात जाऊ देऊ नका. आमच्या नातवाच्या वेळी कारकुनाने तेच केलं होतं आणि दुरुस्तीला वर्ष गेलं.